लसवंताची कैफियत

ज्या नगरीचे अधिदैवत साक्षात महाकाल, जिच्यावरून आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी भूगोलाची मध्यरेखा नेली, आणि जिच्या चक्रतीर्थावर अवेळी गेले तरी एखादी चिता विझत आलेली व दुसरी पेटत असलेली दिसावयाची, त्या उज्जयिनीच्या रहिवाशाला मृत्यूचे भय घालून एखादे काम करवून घेता येईल अशी ज्या कोणा अंमलदाराची समजूत असेल, त्याने फ्रीगंजातल्या टॉवर चौकात सकाळच्या पोह्यांच्या वेळी थोडा वेळ उभे राहून तेथील संभाषण ऐकावे. माळव्याचा मनुष्य मृत्यूविषयी ज्या स्वस्थचित्ताने बोलतो, त्या स्वस्थचित्ताने इतर प्रांतांतली माणसे पावसापाण्याविषयीदेखील बोलत नाहीत. ‘महाकाल की मर्जी’ एवढे म्हणून तो पोह्यांवर आणखी थोडी शेव मागून घेतो आणि प्रकरण निकालात काढतो. त्याच मनुष्यास कोणी सांगावे की, तुमचा अमुक दाखला दप्तरात सापडत नाही. मग पाहावे, त्याच्या हातातला द्रोण कसा थरथरू लागतो! सन 2021 साली करोनावरील जे लसीकरण आमच्या वाट्यास आले, त्याचे मर्म माझ्या मते एवढ्यातच आहे. प्रतिपिंडे, समूहप्रतिकार इत्यादी विषय शास्त्रज्ञांचे. आम्हांस लस भेटली ती एक सरकारी प्रकरण म्हणून, आणि प्रकरण म्हटले की ओळखपत्र आले, रांग आली, मुदत आली, दाखला आला. सुई ही त्या सर्व सोहळ्यातली सर्वांत अल्प, सर्वांत सुलभ आणि सर्वांत दुर्लक्षित बाब होती.

महाराष्ट्रातील वाचकांस कदाचित स्मरण नसेल, म्हणून सांगणे अगत्याचे आहे की, उज्जैन हे एके काळी शिंदेशाहीचे मुख्य ठाणे होते. महाकालाचे देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारविले, गोपाळमंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधविले, आणि 1810 साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरास नेली तेव्हा जी काही मराठी कुटुंबे येथेच राहिली, त्यांपैकी एक आमचे. (आमचे पूर्वज का राहिले याविषयी घरात दोन मते आहेत. क्षिप्रेवरील भक्ती हे एक, आणि सामानाची बांधाबांध वेळेत पुरी झाली नाही हे दुसरे. आमच्या कुळाचा स्वभाव पाहता दुसरे मत मला अधिक ग्राह्य वाटते.) अशा परदेशस्थ मराठी माणसाचा स्वाभिमान वर्षानुवर्षे निजलेला असतो आणि अगदी अनपेक्षित निमित्ताने जागा होतो. जानेवारीच्या 16 तारखेस देशात लसीकरणास प्रारंभ झाला, लसी दोन आहेत असे कळले, आणि त्यांतील कोव्हिशील्ड ही पुण्याची तर कोव्हॅक्सिन ही हैदराबादची असे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होताच आमच्या घरातून ‘आपली’ आणि ‘त्यांची’ अशी विभागणी होऊन गेली. मूळ संशोधन ऑक्सफर्डचे, हा तपशील आम्ही सोयीने गाळला. ज्या पुण्याहून आमचे पूर्वज घोड्यांवर बसून माळव्यात उतरले, त्याच पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ही संस्था 1966 मध्ये घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला घराण्यातून निघाली, आणि त्यांचे उतारवयातले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेत रक्तद्रव्यासाठी पाठविले जात त्यातून तिची कल्पना सुचली, ही हकीकत मी शेजारच्या निवृत्त पटवारीसाहेबांना मोठ्या अभिमानाने सांगितली. पटवारीसाहेब जातिवंत माळवी गृहस्थ. त्यांनी विडी विझविली आणि शांतपणे म्हणाले, “भाऊसाब, मरहट्टों की दवा है तो चौथ वसूल किए बिना नहीं जाएगी.”

दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची थकबाकी माळव्याची माणसे अशी ध्यानात ठेवतात.

आता आमच्या पिढीला टोचून घेण्याचे नावीन्य नव्हते. माझ्या डाव्या दंडावर लहानपणीच्या देवीच्या लसीचे दोन वण अद्यापि रुपयाच्या नाण्याएवढे शाबूत आहेत. त्या काळी टोचणारा गल्लीत शिरला की मुले धान्याच्या कोठ्यांत, माळ्यावर, पाळण्याखाली अदृश्य होत. तो पुरुष निर्विकारपणे एकेकास बाहेर काढी आणि दंडावर लस लावून त्यावर एक दातेरी चकती गर्रकन फिरवी. इकडे आमची आजी शीतलासप्तमीस चूल न पेटविता आदल्या दिवशीचे थंड अन्न देवीपुढे ठेवून तिची समजूत काढी आणि तिकडे त्याच देवीच्या बंदोबस्तासाठी नातवाचा दंड पुढे करी. या दोन कृत्यांत विसंगती आहे असे तिला कधी वाटले नाही, आणि आज विचार केला असता मलाही वाटत नाही. त्या लसीची या देशातील पहिली मानकरी मुंबईची ॲना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी, तारीख 14 जून 1802. व्हिएन्नाहून बगदाद, बगदादहून बसरा आणि तेथून मुंबई असा त्या लसीचा प्रवास. शीतपेट्या नव्हत्या, म्हणून एका माणसाच्या दंडावरील फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर चढवावयाची, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, अशा रीतीने ती मुक्काम गाठी. सोवळ्याओवळ्याचा ज्यांना अभिमान, त्यांच्या देहांत कोणाकोणाच्या भुजांमधून फिरत आलेले द्रव्य गेले असेल याची फर्द कोणी ठेवलेली नाही, हे सर्वांच्याच दृष्टीने बरे झाले.

मार्चच्या 1 तारखेपासून साठीच्या पुढील नागरिकांची पाळी आली. नोंदणी भ्रमणध्वनीवरून करावयाची होती, आणि मी चष्मा शोधून आणीपर्यंत माझ्या नातीने ती करून टाकलीही होती. (मे महिन्यात तिच्या वयाच्या मुलांची पाळी आली तेव्हा मात्र जागा दिसे न दिसे तोच भरून जात, आणि ज्यांनी तराना किंवा घट्टिया ही गावे नकाशावरही पाहिली नव्हती, अशी शहरातली मुले लसीसाठी तिकडच्या आरोग्यकेंद्रांत मोटारी घेऊन रुजू होऊ लागली. ग्रामीण भारताचे दर्शन घडविण्याचे जे कार्य समाजसुधारकांना साधले नाही, ते असे साधले.) केंद्र एका प्राथमिक शाळेत होते. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात तहशिलीपासून न्यायदानापर्यंत मोठमोठ्या खुर्च्या अडविल्या, असे गृहस्थ तिसरीच्या बाकांवर गुडघे हनुवटीस लावून बसलेले होते आणि समोरच्या भिंतीवर सतराचा पाढा होता, जो म्हणून पाहण्याचे धाडस त्यांपैकी कोणीही केले नाही.

नियमाप्रमाणे एका भुजेच्या तैनातीस पाच माणसे. एकाने दारात नाव विचारावयाचे, दुसऱ्याने ते खरे असल्याची खातरजमा करावयाची, परिचारिकेने टोचावयाचे आणि उरलेल्या दोघांनी गर्दी सांभाळून, टोचल्यानंतर अर्धा तास मनुष्य जागेवर आहे ना हे पाहावयाचे. ज्या राज्यात नक्कल मिळविण्यास तीन टेबले लागतात, तेथे अशा जीवनमरणाच्या कामास पाच माणसे अधिक आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु या सर्व मानवी मुलखातून वाट काढीत परिचारिकेपुढे पोहोचल्यावर, सदऱ्याची बाही वर सारून, मान विरुद्ध दिशेस वळवून, डोळे मिटून मी रामरक्षेच्या आरंभाची मनात जुळवाजुळव करीत असता “हो गया बाबूजी, उठो” असे शब्द कानी आले, तेव्हा मला जे वाटले त्यास समाधान म्हणणे कठीण आहे. एवढी पूर्वतयारी, एवढी मनाची जमवाजमव, घरातून निघताना देवापुढे ठेवलेली ती सुपारी, आणि प्रत्यक्ष प्रसंग पाहावयासही मिळू नये! मी किंचित रोषाने “नक्की झाले का?” असे विचारले. तिने रिकामी पिचकारी माझ्यापुढे धरली. सरकारी कामाचा असा तत्काळ पुरावा मी नोकरीच्या सबंध कारकिर्दीत पाहिला नव्हता.

त्यानंतरचा अर्धा तास हा मात्र अविस्मरणीय. निरीक्षणकक्षात बसलेला प्रत्येक मनुष्य वरकरणी वर्तमानपत्र वाचीत असतो, पण त्याचे लक्ष शेजाऱ्याकडे असते. आपणांस काही होऊ नये अशी प्रत्येकाची प्रार्थना, आणि कोणास तरी काहीतरी व्हावे अशी, अंतःकरणाच्या तळाशी, सर्वांची सूक्ष्म अपेक्षा. कारण त्याशिवाय घरी जाऊन सांगावयाचे काय? आमच्या सुदैवाने एका स्थूल देहाच्या व्यापाऱ्यांना घेरी आली. सारा वर्ग उभा राहिला. डॉक्टर धावले, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि चौकशीअंती निष्पन्न झाले ते एवढेच की, रक्ततपासणीस जसे उपाशीपोटी जातात तसेच लसीसही जावयाचे असते असा समज करून घेऊन ते आदल्या रात्रीपासून निरशन होते. त्यांच्या मुलाने बाहेरून पोहे आणि जिलबी आणविली. तिसऱ्या जिलबीस त्यांची प्रकृती पूर्ववत झाली आणि आम्ही सर्व, काहीसे फसविले गेल्यासारखे, पुन्हा बाकांवर बसलो.

तापाविषयी मात्र कोणाची निराशा झाली नाही. लस घेतलेल्या माणसांत त्या दिवसांत एक नवीनच वर्णव्यवस्था उत्पन्न झाली होती. ज्यास एकशे दोन ताप आला तो श्रेष्ठ, ज्याचा केवळ दंड दुखला तो मध्यम, आणि ज्यास काहीच झाले नाही त्याच्याकडे लोक साशंकतेने पाहत, जणू त्याच्या बाटलीत नळाचे पाणी होते. मला त्या रात्री सडकून ताप भरला, अंग मोडून आले, आणि सकाळी पटवारीसाहेब समाचारास आले ते दारातूनच “चौथ वसूल?” असे विचारीत. त्यांनीही आदल्याच दिवशी त्याच शाळेत तीच पुण्याची लस घेतली होती, कारण त्या दिवशी दुसरी आलीच नव्हती. पण त्यांचा दंडसुद्धा दुखला नव्हता. मी कारण विचारले. ते म्हणाले, “हमारी माफी की जमीन है.” महसुलाच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्याशी वादात जिंकणे कठीण.

यथावकाश प्रमाणपत्रे आली. त्यांवर छायाचित्र होते, परंतु ते आमचे नसून पंतप्रधानांचे होते. माझ्या प्रमाणपत्रात नावनिशी बिनचूक उतरली होती. माझ्या पत्नीच्या प्रमाणपत्रात मात्र, नोंद करणाऱ्या कोणा घाईच्या हातामुळे, लिंग या रकान्यापुढे ‘पुरुष’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. जून महिन्यात संकेतस्थळावर अशा चुकांच्या दुरुस्तीची सोय झाली. मी तातडीने तजवीज करू लागलो, तो ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “राहू द्या हो. या घरात एक तरी असावा.” दुरुस्तीचा अर्ज अद्यापि केलेला नाही.

दोन मात्रांमधील अंतर हा आणखी एक अध्याय. प्रथम चार ते सहा आठवडे असे फर्मान निघाले. मार्चच्या अखेरीस ते सहा ते आठ झाले. मेच्या मध्यास बारा ते सोळा. माझी दुसरी मात्रा एप्रिलच्या मध्यास उरकली, पण पत्नीने पहिलीच मात्रा उशिरा घेतल्यामुळे तिची दुसरी क्षितिजाप्रमाणे पुढे पुढे सरकत राहिली. यास शास्त्रीय कारण होते, अंतर वाढविले असता प्रतिकारशक्ती अधिक चांगली येते असे संशोधनात दिसले होते, आणि लसीचा तुटवडाही होता हे कोणी नाकारीत नव्हते. पण जेथे सवाई जयसिंगाची वेधशाळा उभी आहे आणि जेथल्या सूर्योदयावरून पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे सिद्ध झाली, त्या गावच्या लोकांस मुहूर्त असा महिन्यामहिन्याने सरकताना पाहून गंमत वाटली यात नवल नाही. आमच्या गुरुजींनी तर स्पष्टच सांगितले की, अधिक मास तेही धरतात, फक्त आगाऊ जाहीर करीत नाहीत.

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांविषयी मी येथे विनोद करणार नाही. महाकालाचे दार बंद होते आणि चक्रतीर्थाचे उघडे होते, एवढे सांगितले तरी पुरे. याच काळात, मेच्या अखेरीस, आमच्याच जिल्ह्यातील मालीखेडी गावी लसीविषयी लोकांची समजूत घालावयास गेलेल्या सरकारी पथकावर गावकऱ्यांनी लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. शहरातील सुशिक्षितांनी त्या अडाण्यांची यथेच्छ निर्भर्त्सना केली. मला मात्र ती करवली नाही. ज्या वस्तीत सरकारी गाडी येते ती एरवी कोणास तरी धरून नेण्यास किंवा काहीतरी उठवून नेण्यास येते, तेथे ती एके दिवशी अचानक काही फुकट देण्यास आली असता लोकांनी काठ्या उचलाव्यात, यात हल्ला निंद्य असला तरी तर्क अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

मग शासनानेही आपला सूर बदलला. जूनच्या 21 तारखेस मध्य प्रदेशात लसीकरणाचे महाअभियान झाले आणि एका दिवसात सोळा लाखांहून अधिक मात्रा टोचल्या गेल्या; देशात त्या दिवशी हे राज्य अव्वल ठरले. त्यासाठी गावोगावी जे निमंत्रण फिरले ते लग्नाचे, म्हणजे दारोदार हळदीच्या पिवळ्या तांदळांचे. माळव्यात पिवळे तांदूळ घरात पडले की जावेच लागते, न गेल्यास पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध तुटतात. मालीखेडीस जे मोटारीने साधले नाही ते मूठभर अक्षतांनी अनेक ठिकाणी साधले. पण उज्जैन शहरातला खरा निर्णायक क्षण आला तो जूनच्या 28 तारखेस. त्या दिवशी महाकालाचे मंदिर भाविकांस पुन्हा खुले झाले, आणि दर्शनासाठी निदान एका मात्रेचा दाखला अथवा अठ्ठेचाळीस तासांच्या आतील निर्दोष चाचणीचा अहवाल बंधनकारक ठरला. जो काळाचाही काळ, ज्याच्या भरवशावर टॉवर चौकातील तत्त्ववेत्ते लसीस नकार देत होते, त्याच्याच उंबरठ्यावर दाखल्याची मागणी! पटवारीसाहेबांचे मेहुणे, ज्यांनी तोपर्यंत लस या विषयावर प्रतिकूल व्याख्याने दिली होती, ते दुसऱ्याच दिवशी शाळेच्या बाकावर दिसले. रोगाच्या भयाने जे हलले नाहीत ते दर्शन चुकण्याच्या भयाने हलले. म्हणून मी प्रारंभी म्हटले की, आमच्याकडे कागदाचे भय मोठे.

नोव्हेंबरात दुसऱ्या मात्रेस लोक आळस करू लागले तेव्हा प्रशासनाने भक्तीचा मार्ग सोडून आसक्तीचा धरला. आमच्याच संभागातील मंदसौरला, ज्यास कालिदासकाली दशपूर म्हणत, दोन्ही मात्रा पूर्ण करणाऱ्यांस निवडक दुकानांत देशी दारूवर दहा टक्के सूट देण्याचा हुकूम आबकारी खात्याने काढला; यावर तेथील सत्तारूढ पक्षाच्या आमदारांनीच आक्षेप घेतला. निमाडातील खंडव्यास तर याहून बहार झाली. तेथे दोन मात्रांशिवाय मद्य मिळणार नाही असे ठरले, पण दाखला मात्र मागावयाचा नाही, तोंडी सांगितले तरी पुरे. कारण आबकारी अधिकाऱ्यांच्या मते मद्यपी खोटे बोलत नाहीत. साऱ्या लसीकरणात नागरिकाच्या शब्दावर सरकारने विश्वास ठेवल्याचे माझ्या माहितीतील हे एकमेव उदाहरण. महाकालाच्या दारी दाखला आणि गुत्त्याच्या दारी जबान! ज्या गावात कालभैरवास मद्याचा नैवेद्य दाखवितात आणि महाअष्टमीस जिल्हाधिकारी स्वतः चोवीस खांबांच्या देवीस मद्य अर्पण करून नगरपूजा करतात, तेथील मनुष्यास यात आश्चर्य वाटू नये, तरी वाटले.

तिसऱ्या मात्रेचा आरंभ 10 जानेवारी 2022 रोजी झाला. बरोबर सव्वाशे वर्षांपूर्वी याच तारखेस, 10 जानेवारी 1897 रोजी, वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत भायखळ्यास आपली प्लेगवरील लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. त्यांच्यापुढे रांग नव्हती आणि मागेही नव्हती. आमच्या केंद्राची अवस्था त्या महिन्याच्या अखेरीस साधारण तशीच झाली होती. साठी आणि मधुमेह या माझ्या दोन्ही पात्रता सिद्ध करून मी शाळेत गेलो, तो बाके रिकामी, पाच जणांची तैनाती जागच्या जागी, आणि परिचारिका हात जोडून सांगते की, “बाबूजी, बैठना पड़ेगा.” बाटलीत मात्रा दहा असत आणि ती एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे, दहा इसम जमेपर्यंत ती उघडता येत नसे. आठ महिन्यांपूर्वी ज्या बाटलीसाठी माणसे मोटारी घेऊन तरान्यास धावत होती, ती बाटली आता माणसांची वाट पाहत होती. मी पटवारीसाहेबांना निरोप पाठविला. ते आले, बरोबर मेहुण्यांना आणले, मेहुण्यांनी सोबत आपल्या सासूबाईंना घेतले, मी गुरुजींना पूजा अर्धी टाकून बोलावले, पत्नीने महिलामंडळातून तिघींना काढले. वय, मात्रा आणि मुदत यांची जुळणी करता करता दुपार झाली तरी गणसंख्येस एक कमी. अखेर परिचारिकेने शाळेतील चपराशाच्या वडिलांचा शोध लावला. वृद्ध गृहस्थ सायकलीवर मागे बसून आले. दुपारी दीडच्या सुमारास बाटली उघडली, दहाही मात्रा दहा दंडांत गेल्या, आणि पटवारीसाहेबांना या खेपेस सडकून ताप भरला.